मुदखेड जंक्शनचा व्हॅम्पायर

प्रिय मनिषा,

सप्रेम जय भीम. पोस्टाचं पाकीट बघून आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा सांगून टाकतो. माझी तब्येत बरी आहे, आईचीही बरी आहे, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फोनवर आपलं 'जेवलात का, झोप झाली का' एवढं होतं, तेवढ्यात तुझा क्लास तरी सुरू होतो नाहीतर इकडं गाडी तरी येते. आणि बोलताना मी घोळ घालतो हे तुला माहीत आहे. लिहितानाही घालीन, पण लिहिलेलं तुला परत वाचता येईल.

झालं असं, की दिवाळीनंतर आमच्या साहेबरावांच्या लेकीनं त्यांच्या मोबाईलवर गोष्टी वाचायचं एक ॲप टाकून दिलं. साहेबराव म्हणजे माझ्यासोबत रातपाळीला असणारे, गाडीसाठी रूळ बदलणारे सांधेवाले. त्यात 'शनिवारचा पाहुणा' नावाची कादंबरी दर गुरुवारी येते. लिहिणारीनं नाव नुसतं 'निशा' दिलंय. साहेबरावांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून शुक्रवारी सकाळी ड्यूटी सुटली की भामाबाईच्या चहाच्या गाड्यावर बसून मी मोठ्यानं वाचायचं, असं ठरलं. भामाबाई भजी तळता तळता ऐकायची. दोन-तीन आठवड्यांत रिक्षावालेही येऊन बसू लागले.

गोष्ट लातूरची. मृणाल नावाची बँकेत नोकरी करणारी बाई, आणि तिच्याकडं दर शनिवारी सूर्य मावळल्यावर येणारा रणधीर. हा रणधीर व्हॅम्पायर आहे. भामाबाईनं विचारलं म्हणजे काय, तर साहेबराव म्हणाले, रगत पिणारं भूत, पण इंग्लिश. तसा तो माणूस सज्जन आहे. रक्ताची सवय सुटावी म्हणून बीटाचा रस पितो. आरशात दिसत नाही म्हणून चाचपून दाढी करतो आणि गालावर चार केस राहतात. लसणाचा वास आला की कावराबावरा होतो. मराठवाड्यात जन्मून लसूण चालत नाही, म्हणून त्याचे जे हाल होतात ते वाचताना मला स्वतःलाच हसू आवरत नव्हतं. तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं गं.

पहिल्यांदा कळलं भामाबाईला. एका शुक्रवारी रणधीर दिवसा खिडकीला काळं कापड लावून झोपतो हे मी वाचलं, आणि ती झारा हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मास्तर, हे तर तुमचंच लिहून राहिलं कुनीतरी."

मी उडवून लावलं. रातपाळीचा स्टेशन मास्तर दिवसा झोपणारच. लसणानं मला जळजळ होते. बीट डॉक्टरांनी सांगितलंय. क्वार्टरमधला आरसा फुटून दीड वर्ष झालं आणि नवा आणायचा राहून गेला. एकेकाचं उत्तर होतं, पण सगळी एकत्र सांगायला लागलो तर माझंच मला खरं वाटेना. त्या दिवसापासून रिक्षावाले मला उन्हात उभं करून गंमत बघायचे. साहेबरावांनी तर एकदा भज्यात लसूण घालायला लावला आणि मी खातो का ते बघत बसले. मी दोन खाल्ली. दिवसभर छातीत आग.

मग मी शोध घ्यायचं ठरवलं. आधी संशय आला लिंबाजीवर. तो आमचा बुकिंग क्लार्क, क्वार्टर शेजारीच, वहीत चारोळ्या लिहितो. त्याला आडून आडून विचारलं तर तो इतका खूष झाला, की मला त्याच्या एकशे बारा चारोळ्या ऐकाव्या लागल्या. तो नव्हता. भामाबाईला लिहिता येत नाही. साहेबराव रणधीरचं काय होणार म्हणून माझ्यापेक्षा जास्त बेजार. मी हैराण झालो. मुदखेडात बसून माझ्यावर कुणी एवढं लक्ष ठेवावं, असं माझ्यात आहे तरी काय?

त्यात फेब्रुवारीत गोष्टीत प्रभाकर आला. उजेडातला माणूस. पहाटे मृणालसोबत फिरायला जातो, भाकरीवर लसणाची चटणी घेतो, तिच्या बोलण्यावर लगेच हसतो. रिक्षावाले दोन गटांत वाटले गेले. भामाबाई प्रभाकरच्या बाजूनं. ती म्हणाली, "बाईला दिवसा बोलायला मानूस लागतंय." मला ते पटलं. खरंच पटलं.

आणि मग बाविसावा भाग. मृणाल दवाखान्यात, आणि रणधीर बाहेरच्या बाकावर बसून घाबरून पुटपुटतो, एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस. मी वाचता वाचता थांबलो. साहेबराव म्हणाले, पुढं वाचा की. मला पुढची ओळ दिसेना.

आपली पोरगी झाली तेव्हा नांदेडच्या दवाखान्यात मी तो पाढा म्हणत होतो हे जगात एकाच माणसाला माहीत आहे. तूच मला आतून ऐकलं होतंस, आणि कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं होतंस.

त्या शनिवारी मी लातूरला आलो तेव्हा काही बोललो नाही. रविवारी पहाटे पाचला उठून मी पण फिरायला येतो म्हणालो, तेव्हा तू माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितलास. मी प्रभाकर शोधायला आलो होतो, मनिषा. आता लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. मैदानावर तिघांनी तुला नमस्कार केला. एक निवृत्त तलाठी, एक बाई, आणि एक गृहस्थ ज्यांना त्यांचा कुत्राच ओढत नेत होता. यातला प्रभाकर कोण हे मला ठरवता आलं नाही. कुणीच नसेल, तर ते चांगलं का वाईट हेही कळलं नाही. नसलेला माणूस एवढा हसून बोलतो, म्हणजे तुला त्याची किती गरज असेल, असा विचार करत मी एसटीत बसलो तो नांदेड कधी आलं समजलं नाही.

रातपाळी मी मागून घेतली होती ती शनिवार-रविवार मोकळा मिळावा म्हणून. तुझ्यासाठीच. आणि येऊन काय करतो? जेवतो आणि झोपतो. रविवारी दुपारी तू पडदे ओढून घेतेस, पोरीला आवाज करू नको म्हणतेस. हे मला तुझ्या गोष्टीत वाचून कळलं. वाईट याचं वाटतं, की रणधीर तू इतका मायेनं लिहिलायस तरी तो गोष्टीत मृणालला कधी विचारतच नाही, तुझा आठवडा कसा गेला.

मागचे दोन शनिवार मी आलो नाही. ड्यूटीचं कारण खोटं होतं. परवाच्या भागात मृणालनं दाराला आतून कडी लावली आणि खाली तू लिहिलंस, की 'दिवसपाळी' नावाचे एक वाचक पहिल्यापासून सांगत आहेत, मृणालनं या माणसाला सोडावं, जो फक्त झोपायला येतो त्याची वाट बघू नये. तू त्यांचे आभार मानलेस. त्यांचं म्हणणं आता पटायला लागलंय, येत्या गुरुवारी मृणाल ठरवेल, असंही लिहिलंस.

मनिषा, 'दिवसपाळी' मीच. साहेबरावांच्या मोबाईलवरून मीच लिहीत होतो. मला मृणालचं फार वाटायचं, आणि तो रणधीर मला खरंच आवडत नव्हता. बाविसाव्या भागानंतर मी काही लिहिलं नाही, पण आधीचे अकरा सल्ले तसेच आहेत. ते कसे पुसायचे मला येत नाही. आज सकाळी तुमच्या जवळच्या लातूर रोड स्टेशनला दिवसपाळीवर बदली मिळावी म्हणून अर्ज दिला. मिळेल का नाही, साहेबांनी काही सांगितलं नाही. पत्र गुरुवारच्या आत पोचावं म्हणून स्पीड पोस्टानं पाठवतोय. मृणालचं काय करायचं ते तूच ठरव, त्यात मी पडत नाही. फक्त त्या वाचकाचं ऐकून ठरवू नकोस. त्याला तेव्हा काही कळत नव्हतं. आताही नीट कळतंय असं नाही, पण या शनिवारी तो दुपारच्या गाडीनं, ऊन असतानाच निघणार आहे.

तुझाच,
आनंदराज