बाईंच्या काळातलं सिमेंट

बाई, गेल्या महिन्यात मी तुमच्या नावावर एक खोटं खपवलं. तुम्ही जिवंत असता तर माझी हिंमत झाली नसती, आणि हेच लिहिताना जास्त लाज वाटते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की शाळेतल्या नव्या शिक्षकांना तुम्ही फक्त व्हरांड्यातल्या फोटोमुळे माहीत आहात. त्याच शाळेत मी आता मुख्याध्यापिका आहे आणि तुमच्याच खोलीत बसते. राळेगावची एसटी अजून शाळेसमोरच थांबते. चिंचेवरची माकडंही आहेत, आणि इंग्रजांच्या काळातल्या त्या चार खोल्यांपैकी तीन अजून उभ्या आहेत. चौथीचंच सांगायला बसले आहे.

दर उन्हाळ्याच्या सुटीत, पाऊस तोंडावर आला की तुम्ही फेरणी काढायचात. गावातले चारदोन बापे छपरावर चढायचे आणि आम्ही मुलं शिडीपासून पटांगणापर्यंत रांगेत उभी राहायचो. छपरावरची सगळी कवेलू, म्हणजे कौलं, उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची आणि पुन्हा वर चढवायची. शिडीवर मुलांनीच चढायचं, मुलींनी खाली धूळ खात उभं राहायचं, असा रिवाज. मी सातवीत असताना तुम्ही एकदम माझ्याकडे बोट दाखवता आणि म्हणता, "चढ वं तू." छपरावरून कोणीतरी कुरकुरतं, "बाई, पोरगी हाय थे." तुम्ही पदर खोचत वर बघता. "मंग? पोरीले का हात नाई?" मी चढते. माझ्याखाली माझी मैत्रीण उभी असते. ऊन तापतं, हात भरून येतात, आणि मी कंटाळून एक कवेलू तिच्याकडे टाकते. ते तिच्या पायाशी फुटतं. तुम्ही ओरडत नाही, ते एक बरं होतं आणि तेच वाईटही होतं. "फेकू नोको. समोरच्याच्या हातात दे. त्यानं धरलं का पाह्य, मंगच सोड." त्या दिवशी दुपारभर मी रडवेली होते, पण शिडीवरून उतरले नाही.

काम संपत आल्यावर तुम्ही स्वतः वर आलात आणि कवेलूंखालच्या सागवानी फाट्यांवर माझा हात फिरवलात. म्हणालात, "लोकाईले वाटते, आपन कवेलू फेरून राह्यलो. आपन लाकूड पाहाले चढतो. झाकून ठेवलं का थे आतल्या आत सडते." संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात, बुद्धाच्या फोटोखाली पाट मांडून तुम्ही आम्हा दोघींना आंब्याचा रस वाढलात. माझ्या वाटीत जरा जास्त होता, असं मैत्रीण अजून म्हणते. ती आता शाळेत खिचडी शिजवते. बाकीच्यांसमोर मला मॅडम म्हणते, एकटी असली की तू.

इतकं सगळं मला आठवत होतं, बाई, आणि तरीही मी ते केलं. मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा फेरणीला माणसं मिळेनाशी झाली होती, मुलांना रांगेत उभं केलं तर पालक भांडायला यायचे, आणि माकडं रोज दहा कवेलू फोडायची. मी अक्कल पाजळली. दुरुस्तीच्या पैशातून एका खोलीची सगळी कवेलू सिमेंटमध्ये बसवून घेतली. कसं घट्ट बसलं होतं सगळं! माकडं नाचली तरी एक हलेना. मी पाहुण्यांना पटांगणात उभं करून ते छप्पर दाखवायचे आणि म्हणायचे, आता आयुष्यभराची काळजी मिटली. त्या खोलीची फेरणी बंद झाली. वर चढायचं कारणच उरलं नाही, म्हणून खालचं लाकूड कोणी पाहिलं नाही, मीही नाही.

यंदा एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटली आणि दुपारी वादळ आलं. बाकीच्या तीन खोल्यांची कवेलू उडाली, छपरं राहिली. माझ्या पक्क्या खोलीचं छप्पर मात्र अख्खंच्या अख्खं बाकांवर बसलं. दोन तास आधी तिथे तिसरीची मुलं पाढे म्हणत होती. ढिगाऱ्यातला एक फाटा मी उचलायला गेले तर त्याचा भुगा हातात आला. मी तिथेच भुगा चाळत बसले. मैत्रीण शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ऊठ वं. पोरं नोहती ना आत, मंग झालं." ती मला एका शब्दानंही बोलली नाही.

जुन्या वास्तूंना वादळ-अतिवृष्टीपासून वाचवायला सरकारी अनुदान मिळतं असं कळलं आणि मी अर्ज केला. ते मिळालं तर तीन खोल्या वाचतील आणि चौथी पुन्हा उभी राहील. नाहीतर पाडून टाकायच्या, असं गावात बोलणं सुरूच होतं. अट एकच होती, सध्या ज्यांच्या ताब्यात वास्तू आहे त्यांनीच मूळ बांधकाम बिघडवलेलं नसावं. गेल्या महिन्यात नागपूरहून साहेब पाहणीला आले. भले गृहस्थ. ढिगाऱ्यातली सिमेंटनं चिकटलेली कवेलू उलटी करून त्यांनी विचारलं, "हे कोणी केलं?" माझी नजर व्हरांड्यात गेली. तुमचा फोटो दिसला आणि तोंडातून निघून गेलं, "आधीपासूनच आहे, सर. आमच्या बाईंच्या काळातलं."

साहेब हळहळले. म्हणाले, "जुन्या लोकांना कल्पना नसते हो यातली." आणि मी मान डोलावली. खोटं एक वेळ घाबरून निघालं म्हणेन, पण ती मान मी शांतपणे डोलावली. तेवढ्यात मैत्रीण चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं. साहेब गाडीत बसेपर्यंत ती थांबली आणि मग एवढंच म्हणाली, "बाईनं?" मी म्हटलं, "शाळा वाचवायची हाय ना." ती म्हणाली, "मंग तुयं नाव सांगून वाचव." ट्रे उचलून ती चुलीकडे निघून गेली.

त्या दिवसापासून ती मला एकांतातही मॅडम म्हणते. पूर्वी चहा आणला की कप माझ्या हातात द्यायची, मी नीट धरला का बघायची आणि मगच सोडायची. इतकी वर्षं ती असं का करते हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आता कप टेबलावर ठेवते आणि जाते.

हे पत्र खरं तर नागपूरला जायला हवं. तिथला पत्ता माझ्याकडे आहे, फोन नंबरही आहे. तुमचा पत्ता नाही, म्हणून तर तुम्हाला लिहिणं सोपं जातंय. आज दुपारी अनुदान मंजूर झाल्याचं कळलं. खरं सांगते, बाई, मला आधी आनंदच झाला. मी उठून शिक्षकांना पेढे आणायला सांगितलं. लाज नंतर वाटली, तिनं चहा टेबलावर ठेवला तेव्हा.