माइकखालचा डबा

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ७.
भाग पाचची सुरुवात पाठ केली: ठाण्यापासून शहाडपर्यंतच्या, घरादाराचे मोबाइल दुरुस्त करणाऱ्या बंधुभगिनींनो, नातेवाइकांचा फोन अडला की पहिली आठवण तुमची होते, आणि फराळाच्या ताटातली तुटकी चकली मात्र तुमच्याच वाट्याला येते. हे किती दिवस सोसायचं?
आरशासमोर तीनदा म्हटलं. अंगावर काटा आला. माझ्याच.
‘चार्जर आणि चकली’ या माझ्या पॉडकास्टचा आजचा विषय: मेकॅनिकल कीबोर्डचा आवाज सरस की चकलीचा. दुसऱ्या मजल्यावरच्या शांतामावशींनी दिवाळीच्या पहिल्या घाण्यातल्या डबाभर चकल्या दिल्या. म्हणाल्या, माझं नाव आणि नंबर तेवढा सांग रे बाबा, डोंबिवलीबाहेरच्या दोन नव्या ऑर्डरी येऊ देत. शब्द दिला. मी शब्द पाळतो.

दुपारी २.
रेकॉर्डिंग झालं. खिडक्या बंद, पंखा बंद, डोक्यावर गोधडी. सलिल म्हणाला, प्रस्तावना तीन मिनिटांत आटप. (एडिटिंग तो करतो, विचार मी.) पन्नास मिनिटं लागली. विषयच तसा.
मग चकली मोडली. आवाज नाही. वाकली फक्त. जागच्या जागी सुचलं ते बोललो: श्रोतेहो, ही चकली नव्हे, हा शरणागतीचा ठराव आहे. सत्याला शेजारी नसतो. पाठोपाठ मावशींचं नाव आणि नंबर, दिल्या शब्दाप्रमाणे.
मऊ होत्या, तरी दोघांनी सगळ्या संपवल्या.
रिकामा डबा पालथा घातला की माइक बरोबर तोंडाशी येतो. शोध माझा.

७ ऑक्टोबर.
भाग पाच अपलोड केला. त्याआधी सलिल म्हणाला, मावशींचं नाव कापू का? मी सेन्सॉरशिपवर बोललो. त्याला घरी जायचं होतं.
डब्याचं झाकण उघडं कुणी ठेवलं, एवढाच प्रश्न उरतो. बहुधा सलिलने.

८ ऑक्टोबर.
झाकण मी उघडलं होतं. सुरुवातीलाच, वास घ्यायला. पन्नास मिनिटं बंद खोलीत, गोधडीखाली, माझ्या तोंडच्या वाफेत चकल्या.
जिन्यात मावशी भेटल्या. घेतलंस का रे नाव? घेतलं म्हटलं. खोटं बोललो नाही. गुणाचा आहेस म्हणाल्या.
जेवण गेलं नाही. भात तेवढा दोनदा घेतला.

९ ऑक्टोबर.
भाग पाच एक्केचाळीस वेळा ऐकला गेला. एरवी पेढे वाटले असते. एक्केचाळीस घरांत मी मावशींची दिवाळी मोडली. शब्दाला धार असली की असं होतं.
संकल्प: जाहीर माफी. रविवारी.

११ ऑक्टोबर.
वरून तीन दिवस तळणीचा वास नाही. मावशींच्या दाराला कुलूप. एका भाषणात एक धंदा बसला.
सलिलला फोन केला. तो म्हणाला, गावाला गेल्या असतील. अशा माणसाशी काय बोलायचं.

१२ ऑक्टोबर, रविवार.
माफीचा भाग. माफीच्या इतिहासापासून सुरुवात केली, पाया पक्का हवा. चाळिसाव्या मिनिटाला सलिलने चिठ्ठी सरकवली: माफी अजून आलेली नाही. मग मेमरी कार्ड भरलं.

१४ ऑक्टोबर.
नवा निर्णय. मावशी परतल्या की डबा न्यायचा आणि समोरासमोर माफी मागायची. मेघना म्हणाली, पण रिकामा डबा देतात का कुणी? मूठभर साखर घाल आणि दे.
मूठभर साखर? एवढ्या अपराधाला? बायकोला प्रसंगाचं गांभीर्य कळत नाही. बेसनाचे लाडू स्वतः करणार. व्हिडिओ दीडपट वेगाने पाहिला.
संध्याकाळी: मेघना म्हणाली, कॅलेंडरचा खिळा ठोकायचा राहिलाय, एक लाडू दे. डबा पुन्हा माइकखाली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. सायंकाळी ६.
मावशी दाराशी. मी गोधडीत शिरलो. मेघनाने सांगितलं, ते रेकॉर्डिंग करतायत.
गोधडी आवाज अडवत नाही, हे आज कळलं. मावशी सांगत होत्या: विठ्ठलवाडीला बहिणीकडे आठवडाभर तळत होते गं, नेहमीच्याच ऑर्डरी. भरायला माझा मोठा डबा तेवढा दे. उत्तमच्या कार्यक्रमावरून फोन एकही आला नाही. मी मात्र बहिणीच्या मोबाइलवर सबंध ऐकला, नावाची वाट बघत. सुरुवातीलाच झाकण टण्णकन पडलं ना, तेव्हाच बहिणीला म्हटलं, गेल्या माझ्या चकल्या. त्याला सांगू नकोस हो, मनाला लावून घेईल.
मेघना म्हणाली, उद्या पाठवते डबा.

१७ ऑक्टोबर. सकाळी ८.
सलिलला त्या एक्केचाळीसच्या आकड्याचं विचारलं. छत्तीस वेळा त्यानेच लावला होता, आवाज तपासायला. चार वेळा मी. उरला एक.
म्हणजे ठाण्यापासून शहाडपर्यंतचे माझे सगळे बंधुभगिनी दुसऱ्या मजल्यावर एकट्याच राहतात, आणि त्यांनी पन्नास मिनिटं ऐकून घेतलं.
माफीचं भाषण चार पानी तयार आहे. खिशात घातलं. काढून ठेवलं.
उत्तम, माइक जमिनीवर ठेव. डबा धू, पूस, मूठभर साखर घाल, झाकण घट्ट लाव आणि वर जा. दार उघडलं की एकच वाक्य बोल: मावशी, झाकण मी उघडं ठेवलं होतं.