आयसीयूसाठी वर गेलेला हात

झिरकपूर, मंगळवार संध्याकाळ

हरप्रीतदीदींचं वाक्य संपण्याआधीच माझा हात वर का गेला? मला खरंच सांगता येत नाही.

आज आम्हा कंत्राटी नर्सेसची सभा होती. आमच्या संघटनेच्या पुढारी हरप्रीतदीदी बोलायला लागल्या की अंगावर काटा येतो. साहेबांपुढे मान वर करायला त्यांनीच शिकवलं. "कल से काम बंद," त्या म्हणाल्या, "आयसीयू भी." तो शेवटचा शब्द येईपर्यंत सगळे हात वर होते. सिमरन कानाशी म्हणाली, "यार, चार नंबरवाले बाबाजी?" पण तिनंही हात खाली घेतला नाही.

बाबाजी व्हेंटिलेटरवर आहेत. बोलता येत नाही, काही हवं असलं की हात उचलतात. दुपारपासून तोच हात दिसतोय.

कागदावर काय लिहिलंय ते न विचारता आई अंगठा उठवायची, म्हणून मी तिच्यावर चिडायचे. घरातली पहिली पदवीधर ना! मग मी वेगळं काय केलं?

मागण्या खऱ्या आहेत. दीदीही खऱ्या आहेत. म्हणूनच तर भीती वाटते.

घरी येण्याआधी आयसीयूत जाऊन उद्याच्या सकाळपाळीत माझं नाव लिहिलं. मग दीदींना मीच फोन केला. "बेटा, तेरे पीछे दस और टूटेंगी," त्या म्हणाल्या. संपात मी आहेच, पण आयसीयू सोडणार नाही, एवढं सांगून फोन ठेवला.