ओढ्यापलीकडचा कस्तूर

बाई, परवा शाळेतल्या मुलींना घेऊन कुडपणला गेले होते. मीही शिक्षिका झाले, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. धुक्यात समोरचं काही दिसत नव्हतं, पण ओढ्यापलीकडून कस्तुराची लांब शीळ आली आणि मी नववीतल्या त्या सकाळी जाऊन पोचले.

तेव्हाही असाच श्रावण. तुम्ही आम्हा चौघींना तिथेच पक्षी ऐकायला नेलं होतंत. "आधी कानांनी बघा गं," म्हणायचात. मला मात्र कस्तूर डोळ्यांनीच बघायचा होता, कपाळावरच्या निळ्या पट्टीसकट. पाणी घोट्याएवढंच. मी ओढ्यातल्या खडकावर चढते, तो समोरच्या दगडावर उतरतो. तुम्ही मागून ओरडता, "पाणी लाल झालंय, माघारी ये!" मी वळून न बघता, गप्प राहा म्हणून हात हलवते. तुम्ही साडी खोचून पाण्यात उतरता, दंडाला धरून मला काठावर ओढता आणि सगळ्यांदेखत कानाखाली देता. मी रडायला तोंड उघडते तोच वरून लोंढा येतो. खडक दिसेनासा होतो. तुम्ही अजून माझा दंड सोडलेला नसतो.

घरी सुजलेला गाल बघून आबांनी विचारलं, "कुणी मारलं गो तुला?"

"बाईंनी. पक्षी बघायला पुढे गेले म्हणून."

पाण्याचं बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आबा शाळेत येऊन तुम्हाला नाही नाही ते बोलले. मी दाराशी उभी होते. आता तुम्ही सांगाल, असं मला वाटत होतं. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत आणि म्हणालात, "चुकलं माझं." त्यानंतर तुमच्या सहली बंद झाल्या. ओढ्याचं कळलं असतं तर आबांनी माझी शाळाच सोडवली असती, हे तुम्ही ओळखलं होतंत. मला ते उमगायला फार वर्षं लागली.

परवा पाणी गढूळलं तशी मी एकीला हात धरून खसकन मागे ओढलं. लोंढा काही आला नाही. मुली हसल्या. मी मात्र तिचा हात कितीतरी वेळ सोडला नाही.

आबा आता थकलेत. तुमचा विषय निघाला की अजून म्हणतात, "त्या मारकुट्या बाईचं नाव नको गो." परवा घरी आल्यावर सगळं सांगायचंच, म्हणून त्यांच्याशेजारी बसले. चहा दिला आणि उठले. तुम्हाला लिहायला बसले, बाई, ते हे त्यांना सांगण्यापेक्षा सोपं आहे म्हणून.