पाटावरचा पेनड्राइव्ह

मादन हिप्परगा,
दसऱ्यानंतरचा सोमवार

तीर्थरूप संकर्षणअण्णांच्या पायी धाकट्या जयतीर्थचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? एरंडाच्या पानांचा शेक चालू आहे का, का पुण्याच्या डॉक्टरांवर सगळं सोडून मोकळे झालात? संपदावहिनींना माझा नमस्कार सांगा. आम्ही इकडं तिघंही खुशाल. गावात तूर झकास आहे (आपली सोडून). तुम्ही दर वेळी म्हणता, जयतीर्था, मास्तर होतास, पत्र तरी शुद्ध लिहीत जा. पण अण्णा, तुमच्याशी शुद्ध बोलायला गेलो की तहसीलदाराला अर्ज लिहायलोय असं वाटतं.

पत्राचं कारण एक सॉफ्टवेअर आहे. हसू नका. सुरुवातीपासून सांगतो. आमच्या विभाची खंडेनवमीला सकाळी पुण्याच्या एका कंपनीत परीक्षा अन् लगेच मुलाखत, दोन्ही कॉम्प्युटरवर, कॅमेऱ्यासमोर बसून. (मालक परदेशातला. त्याला खंडेनवमी काय ठाऊक?) मोबाइलवर ती परीक्षा उघडतच न्हाई. पोरीनं वर्षभर अभ्यास केलेला, अन् कॉम्प्युटर तर असा म्हातारा झालेला की बटण दाबून माणूस आंघोळ करून यावा. म्हणून मी तो आळंदला शरणबसवाच्या दुकानात नेला. शरणबसव माझा विद्यार्थी. वर्गात कधी गृहपाठ आणला न्हाई, पण आता अख्ख्या तालुक्याचे कॉम्प्युटर तोच बरे करतो.

त्यानं सांगितलं, सर, हे सगळं पुसून नवं घालावं लागतंय, पण आधी ड्रायव्हर काढून ठेवू. मी म्हणलं, ते काय? तर अण्णा, कॉम्प्युटर बोलतो एक भाषा, प्रिंटर बोलतो दुसरी, कॅमेरा तिसरी. आपल्याकडं बाजारात कन्नड शेतकरी, मराठी व्यापारी अन् दखनी बोलणारा हमाल एकत्र आले की मधे एक दुभाष्या लागतो ना, तसा प्रत्येक यंत्राचा एक दुभाष्या असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. सगळं पुसलं की हे सगळे दुभाषेही जातात. तर हे सॉफ्टवेअर आधी सगळ्यांना गोळा करून पेनड्राइव्हात बसवतं, अन् नंतर एक बटण दाबलं की ज्याला त्याला परत आपल्या जागेवर नेतं. वर कुणाचा नवा अवतार आला असेल तर तेही सांगतं, पण जुन्याची प्रत ठेवूनच नवं घालतं. नवं बिनसलं तर जुनं तयार. एवढा पोक्त विचार करणारी माणसं आमच्या ग्रामपंचायतीत मला तरी दिसली न्हाईत.

जुनं पुसून नवं घातल्यावर शरणबसव म्हणायला, थांबा, ड्रायव्हरही मीच घालून देतो. मी म्हणलं, कामून? एक बटण तर दाबायचंय. घरी यायला रात्र झाली, बटण सकाळी दाबू म्हणून पेनड्राइव्ह कुसुमच्या हाती दिला, कारण तुमच्या भावजयीनं ठेवलेली वस्तू हरवल्याचं चाळीस वर्षांत ऐकलं न्हाई. अन् नवमीला पहाटे उठून बघतो तर देवघरात विळा, कात्री, अडकित्ता, माझा सायकलचा पंप, सगळ्यांना कुंकू लावून पाटावर मांडलेलं, अन् मधोमध झेंडूच्या फुलाखाली पेनड्राइव्ह.

आता तुम्हाला आपल्या घरची रीत माहीतच आहे. पाटावर ठेवलेलं हत्यार दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटल्याशिवाय हलवायचं न्हाई. मी म्हणलं, अगं, ते हत्यार न्हाई. ती म्हणली, मग एवढं जपून ठेव कामून म्हणलात? मी ओरडलो. तिनं पाटावर आणखी एक फूल वाहिलं, म्हणजे न्हाई म्हणली. शरणबसवाचं दुकान पूजेसाठी बंद, फोनही बंद. इंटरनेटवरून ड्रायव्हर आणावेत तर इंटरनेटचाच ड्रायव्हर गायब. (विहिरीत पडलेला दोर काढायला दोर पाहिजे.) कॅमेरा आंधळा, माइक मुका, अन् विभा नवी साडी नेसून खुर्चीवर बसलेली.

तेव्हा अण्णा, कुसुमनं जे केलं ते हायकोर्टालाही सुचलं नसतं. ती म्हणली, "पाटावरचं उचलायचं न्हाई ते न्हाईच. पण तुमच्या डबड्याची पूजा राहिलीय अजून. पूजा होईस्तोवर त्याला सुट्टी न्हाई. तेच आणा की पाटावर." बायको अशी मिळायला पुण्य लागतं. भांडत भांडत आम्ही दोघांनी तो डबा उचलून विळ्याशेजारी ठेवला. पेनड्राइव्ह पाटावरच्या पाटावरच आत गेला. मी रामाचं नाव घेऊन बटण दाबलं. अन् काय सांगू, वर्गात हजेरी घ्यावी तशी एकेकानं ओ दिली, आवाज आला, इंटरनेट आलं, कॅमेऱ्याचा डोळा उघडला, दोन वर्षं रुसलेला प्रिंटर देखील हजर. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

वायरी तोकड्या, म्हणून विभाला देवघरातच बसवलं, पाठीमागं सगळी शस्त्रं. परीक्षा झाली, मग मुलाखतीला टायवाले साहेब पडद्यावर आले, अन् त्यांनी पहिलाच प्रश्न विळ्याबद्दल विचारला. मी दाराआड घामाघूम. पोरगी शांतपणे म्हणली, सर, वर्षभर राबलेल्या हत्यारांना आज आमच्याकडं सुट्टी असते, त्यांचे आभार मानतो. साहेबांनी टाय सावरून हात जोडले. शेजारच्या लिंगम्मानंही मधेच येऊन कॅमेऱ्याला हळदीकुंकू देऊ केलं, पण ते जाऊ द्या.

तर असं हे सॉफ्टवेअर. तुमच्या कॉम्प्युटरातही घालून घ्या, एवढंच सांगायला लिहिलं.

आपला,
जयतीर्थ

ता. क. विभाची निवड झाली. पुढच्या महिन्यात पुण्याला रुजू व्हायचंय. हॉस्टेलात राहते म्हणायली. शहाणी आहे, राहील.

ता. क. २. अण्णा, तिला तुमच्याकडं ठेवून घ्या. मी सांगितलं म्हणू नका, वहिनींना सोबत पाहिजे म्हणा. मी तिच्यासमोर मोठा धीराचा बाप झालोय, पण ती निघाली की हे घर मला खायला उठणार. रोज तिला बघणारं आपलं कुणी असलं तर मला झोप लागेल. विभाला यातलं काहीच ठाऊक न्हाई.

ता. क. ३. अण्णाकाका, हे विभाचं अक्षर. पाकीट चिकटवून टपालात टाकायला अप्पांनी माझ्याकडंच दिलं. मी तुमच्याकडंच राहायला येते. तुम्ही लई आग्रह केला म्हणा. अन् आणखी एक, अप्पांना कळू देऊ नका. शरणबसवअण्णानं ड्रायव्हरची दुसरी प्रत मला दिली होती, ती त्या दिवशी माझ्या पर्समधेच होती. काढणारच होते. पण आई अन् अप्पा दोघं मिळून एक वस्तू उचलायलेत, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.