सोयीची वेळ

१ जुलै, सोमवार
आजपासून ऑफिस फ्लेक्सी. काम घरून, वेळ आपल्या सोयीने. चेन्नईहून मॅनेजर विनुता म्हणाली, मुरलीकृष्ण सर, काम झालं की झालं. बावीस वर्षं इन्शुरन्सचे क्लेम तपासले त्याचं हे फळ. आनंद झाला असावा. नक्की कळलं नाही.

३ जुलै
बायकोला, कनकलतेला, बढती. तंजावूरपासून तासाभरावर, ओरत्तनाडूच्या शाळेत हेडमिस्ट्रेस. ती नाही म्हणणार होती. दोन बस बदलायच्या, त्यात गुडघे. मी म्हणालो, घे. रोज गाडीने सोडीन, रोज आणीन. मला आता वेळच वेळ. ती म्हणाली, "रोज?" म्हणालो, रोज. तिने होकार कळवला.
माझ्यामुळे एका बाईचं करिअर घडलं.

८ जुलै, सोमवार. सकाळी ७.४०
तिचा पहिला दिवस. गाडी पुसली. विनुताचा मेसेज: पावणेआठला छोटा कॉल. छोटा म्हणजे दहा मिनिटं. कनकलता नवी साडी नेसून दारात उभी आहे.

९.२०
कॉल संपला. ती आठ वाजताच बसने गेली, कीर्तना सांगत होती. लेकीलाही कॉलेजची घाई, एवढंच बोलली. उद्यापासून पक्कं.

९ जुलै
कॉल.

१० जुलै
कॉल. कॅलेंडरमध्ये रोजची सकाळ 'बिझी' म्हणून अडवून ठेवली. आता कोणाची हिंमत नाही.

११ जुलै
विनुताची आहे.

१२ जुलै
कंपनीचा सर्व्हे. कामात समाधान किती? दहापैकी नऊ दिले. काहीच वाटत नाही, म्हणजे तक्रार नाही. तक्रार नाही, म्हणजे समाधान. एक गुण शिस्त म्हणून राखला.

१८ जुलै
सकाळी कनकलता काही सांगत होती. कानात हेडफोन. मी हात वर केला, म्हणजे पाच मिनिटं थांब. तिने मान डोलावली आणि गेली. संध्याकाळी कीर्तनेकडून कळलं, "अप्पा, अम्मा सीतालक्ष्मी टीचरबरोबर तिकडेच खोली घेते आहे. शनिवार-रविवार येईल. तुम्ही हो म्हणालात ना?"
म्हणालो, हो.
तिचाही वेळ वाचेल. निर्णय व्यवहारी आहे.

२२ जुलै, सोमवार
गेली. एक बॅग, उशी, इडलीचं भांडं. सोडू का, विचारलं. तिने विचारलं, "कॉल नाही?" होता.

२४ जुलै
घर शांत. कामाला उत्तम. सांबार तिसऱ्या दिवशीचं. फरक कळत नाही.

२६ जुलै, शुक्रवार
आज ठरवून टाकलं. सगळं बाजूला ठेवून तिला आणायला जायचं. लॅपटॉप फक्त सोबत असावा म्हणून घेतला. साडेतीनला ओरत्तनाडू.
शाळेच्या वॉचमनने कोण म्हणून विचारलं. हेडमिस्ट्रेसचा नवरा, म्हणालो. तो म्हणाला, मॅडमचे घरचे लांब परगावी असतात ना? तंजावूरला, म्हणालो. त्याने रजिस्टर पुढे सरकवलं.
कनकलता बाहेर आली. हाताला खडू. आधी विचारलं, "कीर्तना बरी आहे ना?"
बरी आहे, म्हणालो.
"मग?"
तुला न्यायला आलो. वेळ होता.
ती म्हणाली, आज पालकांची मीटिंग आहे, सहा वाजतील. उद्या सकाळच्या बसने येते. मग म्हणाली, "तुम्ही निघा. काम असेल तुम्हाला."
होतंच. चारचा कॉल गाडीत बसून घेतला. मागे शाळा दिसू नये म्हणून कॅमेरा बंद ठेवला. विनुताने विचारलं, कुठून बोलताय?
घरून, म्हणालो.