हेअर जेलची सेफ्टी टेस्ट आणि माझा डावा हात

३ नोव्हेंबर २००३, सोमवार
आजपासून नवं आयुष्य. पहाटे उठणे, फिरणे, रोज लिहिणे. (उठलो आठला. उद्यापासून नक्की.) शेठ म्हणाले की नवं हेअर जेल बाजारात सोडण्याआधी कातडीला सोसतं का ते बघा, रिपोर्ट चांगला आला तर तुम्हाला सेफ्टी मॅनेजर करतो. मुरबाडात सेफ्टी मॅनेजर! कल्याणच्या नातेवाइकांना कळवायला हवं. फोन नंबर शोधणे.

४ नोव्हेंबर
जेलमधलं पॉलिमर म्हणजे लांबच लांब साखळी. एवढी मोठी की कातडीत शिरणारच नाही. साखळीत न गुंफलेला कच्चा माल थोडा उरतो आणि तो चावतो, असं पुस्तकात आहे. आपल्या मालात तो किती उरलाय, तो कागद सप्लायरने पाठवलेला नाही. पाठवेल. माणूस चांगल्या घरचा आहे.

५ नोव्हेंबर
पॅकिंगच्या बायका तयार झाल्या. गिरजा, लहानी आणि त्यांच्याच पाड्यावरच्या चौघी. हाताला जेल, वर पट्टी. मीही लावली, डाव्या हाताला. तपासणी माझ्या खोलीवर ठेवली. कारखान्यात उजेड बरोबर नाही. खोलीत चाळीसचा बल्ब आहे, पण तो वेगळा उजेड. कप विकत आणले.

७ नोव्हेंबर, संध्याकाळ
सगळ्या आल्या! चहा केला. लहानीने विचारलं की भिंतीवर कुणाचा फोटो कसा नाय. फ्रेम करायला दिलाय म्हणालो. सगळ्या एकदम बोलत होत्या, मला एक अक्षर कळत नव्हतं. फार बरं वाटलं.
निकाल: एकाही बाईच्या हाताला लाली नाही. थोडा पिवळेपणा. जेल हिरवं, डाग पिवळा; रंगवाल्याला झापणे. माझ्या हाताला मात्र लाल चट्टा. डास असावा. पट्टीच्या आत शिरलेला.

१० नोव्हेंबर
टेस्ट खरं तर संपली. पण दुसरी फेरी जाहीर केली. विज्ञानात घाई नको. शिवाय बिस्किटं उरली आहेत. चट्टा वाढलाय, रात्रभर आग. मानसिक ताण. माझा हात मोजणीतून वगळला. एका हातासाठी एवढ्या बायकांना खोटं पाडायचं का?

१२ नोव्हेंबर
शेठना फोनवर 'एकदम सेफ' सांगून टाकलं. व्हिजिटिंग कार्डाचा मजकूर तयार.

१३ नोव्हेंबर
गिरजा आज लवकर आली. घाईत हात धुवायचा राहिलेला, पट्टीखाली हळदीचा जाड लेप. विचारलं, तर म्हणाली की आग तर पयल्याच राती झाली साहेब, समद्यांनाच, मंग सासूनं हळद लावली, रोजच लावते. बोलली का नाहीस विचारलं. म्हणाली की तुमी येवढ्या हौसेनं चहा करताव, कसं बोलायचं, आनि तुमचं काम गेलं असतं तं? मग माझा हात बघितला आणि म्हणाली की अगो बाय, तुमाला नाय लावली कुणी?
टेस्टचा नियम असतो, म्हणालो.

१४ नोव्हेंबर
शेठना कळवलं. जेल नापास, बायकांचे सगळे हात बाद, धरण्यासारखा एकच हात आहे, माझा. शेठ भडकले. म्हणाले की सगळ्यांनी हळद लावली, मग तुम्हीही लावली नसेल कशावरून? तुमचाही हात बाद.
सांगितलं, की घरी लावणारं कुणी नाही.
शेठचा आवाज उतरला. मग म्हणाले, बरं, बरं, नापास लिहा.